बारा व्होल्टची भिंत

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीत आमचे एक स्नेही राहतात. मध्यंतरी त्यांनी मोठी मोटार घेतली, हल्ली सगळे जिला एसयूव्ही म्हणतात तशी. गाडीबरोबर कारखान्यातूनच बसवून आलेला रेडिओ आणि अॅम्प्लिफायर होता. अकरावीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलाला मात्र तो पसंत पडेना. आवाज जरा वाढवला की गाणे फाटते, तबल्यातला डग्गा तर ऐकूच येत नाही, अशी त्याची तक्रार. एका दुकानदाराने त्याला हजार वॅटचा नवा अॅम्प्लिफायर बसवण्याचा सल्ला दिला होता. मुलगा भौतिकशास्त्र शिकत असल्याने त्याला एक शंका आली आणि ती घेऊन तो आमच्याकडे आला.

‘‘सर, आत्ताच्या सेटच्या माहितीपत्रकात ५० वॅट गुणिले ४ असं छापलंय. म्हणजे २०० वॅट झाले. घरातला टेपरेकॉर्डर तर १०-१२ वॅटचाच होता, तरी तो बरा वाजायचा. मग २०० वॅट असून गाणं फाटतं कसं? आणि हजार वॅट घेतले तर फाटणार नाही, हे कशावरून?’’

प्रश्न फार चांगला होता. त्याचे उत्तर दहावीच्या गणितात बसते. पण ते गणित तसे का झाले हे समजून घ्यायचे, तर थोडे मागे जावे लागते. मोटारीतल्या अॅम्प्लिफायरचा सगळा इतिहास म्हणजे एका भिंतीशी दिलेली झुंज आहे. ती भिंत म्हणजे गाडीच्या बॅटरीचे १२ व्होल्ट.

आवाज मोठा करण्याची गरज

अॅम्प्लिफायर म्हणजे दुबळ्या विद्युत्-संदेशाची जशीच्या तशी, पण मोठी प्रत काढणारे यंत्र. ‘जशीच्या तशी’ हे शब्द महत्त्वाचे. ही जादा ऊर्जा संदेशातून येत नाही, ती बॅटरीतून किंवा विजेच्या खांबावरून येते. संदेश फक्त नळाच्या तोटीवरच्या हातासारखे काम करतो. पाणी टाकीतले, हुकूम हाताचा. म्हणून टाकी जेवढ्या उंचीवर असेल, त्यापेक्षा जास्त जोराची धार कोणत्याही तोटीतून येणार नाही.

अशी पहिली तोटी १९०६ साली ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने बनवली. ती म्हणजे तीन अग्रांची काचेची नळी, ट्रायोड. १९१५ च्या सुमारास पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडम या जोडीने हलत्या तारकुंडलाचा लाउडस्पीकर लोकांपुढे आणला. १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सान दिएगो शहरात सुमारे ५० हजारांच्या सभेत या साधनाच्या मदतीने भाषण केले. एका माणसाचा आवाज हजारो लोकांना एकाच वेळी ऐकू जाणे तोवर जवळजवळ अशक्य होते.

आपल्याकडे ही गरज स्वातंत्र्य-चळवळीने निर्माण केली. गांधीजींचा आवाज मुळात हळू आणि सभा लाखालाखांच्या. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’ या कंपनीचे नानिक मोटवाने काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि सभांना ध्वनिक्षेपक पुरवू लागले. गांधीजी, नेहरू यांच्या त्या काळच्या छायाचित्रांत त्यांच्यापुढच्या मायक्रोफोनवर हे नाव बहुतेकांनी पाहिले असेल. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्तपणे चालवलेल्या काँग्रेस रेडिओच्या खटल्यातही मोटवाने आरोपी होते.

यंत्रांकडे डोळसपणे पाहणाऱ्या गांधीजींनी शिवणयंत्राप्रमाणेच ध्वनिक्षेपकही नाकारला नाही. यंत्र कशासाठी आणि किती, एवढा प्रश्न मात्र ते विचारत. हा प्रश्न लक्षात ठेवू. पुढे तो आपल्याला लागणार आहे.

मोटारीतला पहिला रेडिओ

सभेच्या मैदानावर वीज आणता येते. धावत्या गाडीत काय करायचे? काचेच्या नळ्यांना दोन प्रकारची वीज लागे. आतली तार तापवण्यासाठी थोड्या व्होल्टची आणि इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या पट्टीसाठी दीडदोनशे व्होल्टची. त्या काळी बहुतेक मोटारींची बॅटरी होती ६ व्होल्टची. म्हणून सुरुवातीच्या गाड्यांत जमिनीखाली कोरड्या बॅटऱ्यांची वेगळी पेटी ठेवत. ती संपली की रेडिओ मुका.

१९३० साली पॉल गॅल्व्हिन यांच्या शिकागोतल्या कारखान्याने मोटारीत बसवता येईल असा रेडिओ विक्रीला काढला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. पुढे कंपनीनेही तेच नाव घेतले. पण १५०-२०० व्होल्टची अडचण खऱ्या अर्थाने सुटली ती ‘व्हायब्रेटर’मुळे.

व्हायब्रेटर म्हणजे काय, हे शाळेतली विद्युत घंटा ज्यांनी उघडून पाहिली आहे त्यांना लगेच कळेल. एक लवचीक पोलादी पट्टी विद्युतचुंबकाकडे ओढली जाते, त्यामुळे मंडल तुटते, पट्टी परत येते, मंडल जुळते. सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा हे घडते. बॅटरीचा एकदिश प्रवाह असा तुकड्यातुकड्याने सोडला की तो ट्रान्सफॉर्मरला चालतो, कारण ट्रान्सफॉर्मरला बदलता प्रवाहच हवा असतो. ६ व्होल्टचे २०० व्होल्ट होतात. पुन्हा ते एकदिश करून नळ्यांना द्यायचे. रेडिओ चालू असताना व्हायब्रेटरची बारीक गुणगुण ऐकू येई, आणि त्याचे टोकांवरचे स्पर्शबिंदू जळून झिजत. तरी त्याने दोन दशके काम दिले.

म्हणजे भिंत तेव्हाही होती. फक्त तिच्यावर शिडी लावून पलीकडे जायची रीत सापडली होती.

ट्रान्झिस्टर आला, शिडी गेली

१९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत बार्डीन, ब्रॅटेन आणि शॉकली यांच्या गटाने ट्रान्झिस्टर बनवला. नळीला जास्त व्होल्ट आणि थोडा प्रवाह लागतो. ट्रान्झिस्टर थोड्या व्होल्टवर भरपूर प्रवाह हाताळतो. मोटारीला नेमके हेच हवे होते. १९५५ साली फिल्को कंपनीने क्रायस्लर मोटारींसाठी संपूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ आणला. मधल्या काळात मोटारींच्या बॅटऱ्याही ६ वरून १२ व्होल्टवर गेल्या. व्हायब्रेटर, जड ट्रान्सफॉर्मर, काचेच्या नळ्या हे सगळे बाहेर पडले. सेट लहान झाला, गार झाला, स्वस्त झाला.

पण शिडी काढून टाकल्यावर आपण पुन्हा भिंतीच्या अलीकडेच राहिलो! आता अॅम्प्लिफायर थेट १२ व्होल्टवर चालत होता. इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटरी भरत असतो, तेव्हा हा दाब १४.४ व्होल्टपर्यंत जातो. त्याहून वर मात्र नाही.

खोक्यावरचा आकडा

आता ते दहावीचे गणित. फळ्यावर मांडून विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे.

साध्या अॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरला मिळणारा दाब ० ते १४.४ व्होल्टच्या मध्ये झोके घेतो. म्हणजे मध्यापासून वर ७.२ आणि खाली ७.२ व्होल्ट. ज्या-वक्री तरंगासाठी या शिखराला २ च्या वर्गमुळाने भागले की परिणामी दाब मिळतो: सुमारे ५.१ व्होल्ट. मोटारीतले स्पीकर सहसा ४ ओहमचे असतात. शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध. ५.१ गुणिले ५.१ भागिले ४, म्हणजे साडेसहा वॅट. बस्स.

१९८० च्या दशकात आपल्याकडचे हौशी जोडारी टीबीए ८१० ही चिप घेऊन अॅम्प्लिफायर जोडत. तिच्या माहितीपत्रकात १४.४ व्होल्टला ४ ओहमवर ६ वॅट असेच लिहिलेले असे. आपले गणित आणि कंपनीचा आकडा जुळतात ते असे.

यातून मार्ग काढण्यासाठी ‘पूल’ जोडणी वापरतात. एका स्पीकरला दोन अॅम्प्लिफायर, दोन टोकांना एकेक. एक वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली ओढतो. दोन मुले दोरीच्या दोन टोकांना धरून आलटून पालटून ओढतात तसे. स्पीकरवरचा झोका दुप्पट होतो, आणि शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती चौपट होते: सुमारे २६ वॅट. ट्रान्झिस्टरमध्ये थोडा दाब खर्च होतो, म्हणून प्रत्यक्षात स्वच्छ आवाजाचे १८ ते २२ वॅट हाती लागतात. चार स्पीकरना मिळून आठ असे अॅम्प्लिफायर आज एकाच बोटभर चिपमध्ये बसतात.

मग ५० वॅट आले कुठून? त्या चिपला इतका जोराचा संदेश द्यायचा की तरंगाचे वरचे आणि खालचे शेंडे भिंतीवर आपटून पूर्ण कापले जातील. गोलाईदार लाट जाऊन चौकोनी लाट उरेल. चौकोनी लाटेत दाब सारा वेळ १४.४ व्होल्टच असतो. १४.४ चा वर्ग २०७, भागिले ४, उत्तर ५२. हेच ते ५० वॅट!

आकडा खोटा नाही. पण ते गाण्याचे वॅट नाहीत, गाणे मेल्यानंतरचे वॅट आहेत. शेंडे कापलेल्या लाटेत मूळ संगीतात नसलेल्या उंच कंपनसंख्या मिसळतात, आणि कानाला तेच ‘फाटणे’ म्हणून जाणवते. मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. त्याने वहीत स्वतः गणित केले आणि ५१.८४ हा आकडा पाहून तो मोठ्याने हसला. कुठल्याही खोक्यावर ‘कमाल शक्ती’ लिहिलेली असेल तर तिकडे दुर्लक्ष करावे आणि ‘आरएमएस’ म्हणून दिलेली सततची शक्ती, किती ओहमला आणि किती विरूपणाला मोजली आहे, ते पाहावे.

शिडी परत आली

२५ वॅटच्या पुढे जायचे तर दोनच वाटा. एक, स्पीकरचा रोध कमी करायचा. ४ ऐवजी २ ओहमचा स्पीकर लावला की त्याच दाबाला दुप्पट प्रवाह वाहतो आणि शक्तीही दुप्पट होते. काही मोटार-कारखाने आपल्या अॅम्प्लिफायरबरोबर असे कमी ओहमचे स्पीकर देतात. दुसरी वाट म्हणजे दाबच वाढवायचा.

वेगळ्या पेटीत मिळणारे मोठे अॅम्प्लिफायर ही दुसरी वाट घेतात. त्यांच्या आत काही ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा बॅटरीचा प्रवाह जोडतात-तोडतात. हे तुकडे फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेल्या लहान ट्रान्सफॉर्मरमधून जातात आणि पलीकडे अधिक २५-३० व उणे २५-३० असे किंवा त्याहून जास्त व्होल्ट मिळतात. ओळखलेत ना? हा १९३० च्या दशकातला व्हायब्रेटरच. पोलादी पट्टीच्या जागी सिलिकॉन आले. सेकंदाला शंभर वेळांऐवजी हजारो वेळा हे घडू लागले, म्हणून ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा झाला आणि गुणगुण कानाच्या आवाक्याबाहेर गेली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात जुनी कल्पना नव्या साहित्यातून परत येते, त्याचा हा सुरेख नमुना आहे.

उरतो प्रश्न उष्णतेचा. परंपरागत जोडणीत ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या तोटीसारखा काम करतो, आणि अर्धवट तोटीत ऊर्जा वाया जाते. बॅटरीतून घेतलेल्या शक्तीपैकी निम्म्याच्या आसपासच स्पीकरला पोचते. ‘डी वर्गा’च्या अॅम्प्लिफायरमध्ये तोटी एक तर पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद; किती वेळ उघडी आणि किती वेळ बंद यावरून लाटेचा आकार ठरतो. क्लाइव्ह सिंक्लेअर या इंग्रज उद्योजकाने १९६४ मध्येच असा जोडणी-संच विकायला काढला होता, पण त्या काळचे ट्रान्झिस्टर पुरेसे चपळ नव्हते. चपळ मॉसफेट स्वस्त झाल्यावर ही कल्पना यशस्वी झाली. आज चांगल्या डी वर्गाच्या अॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास असते.

कारखान्यातला अॅम्प्लिफायर बदलताना

१९९४ मध्ये टाटांची सुमो आली, २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून महिंद्रांची स्कॉर्पिओ. त्या काळात रेडिओ, स्पीकर, अॅम्प्लिफायर हे सारे बाजारातून आणून बसवण्याचा रिवाज होता. पुढे हे काम कारखान्यानेच हाती घेतले. पुण्यात बनणाऱ्या हॅरिअरच्या वरच्या प्रतींत २०१९ पासून जेबीएलचे नऊ स्पीकर आले. चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही ७०० मध्ये २०२१ पासून सोनीचे बारा स्पीकर मिळू लागले.

अशा गाड्यांतला अॅम्प्लिफायर केवळ आवाज वाढवत नाही. त्याच्या आत एक लहानसा संगणक असतो. चालक एका बाजूला बसतो, काच आवाज परत फेकते, गादी तो शोषते. हे लक्षात घेऊन कोणत्या स्पीकरला कोणती कंपनसंख्या, किती आणि किती उशिरा द्यायची, ते तो ठरवतो. आवाज वाढवला की स्पीकर फाटू नये म्हणून काही संच खर्ज आपणहून कमीही करतात. डग्गा न ऐकू येण्याचे एक कारण हे असू शकते. म्हणून जुना अॅम्प्लिफायर नुसता उपटून नवा लावला की आवाज मोठा होतो, पण बेसूर होतो. नव्याला संदेश कुठून द्यायचा, ही जुळवाजुळव त्याच्याकडे करता येते का, त्याला २ ओहमचे स्पीकर चालतात का, हे आधी पाहावे लागते. गाडीच्या वॉरंटीच्या अटीही वायरला हात लावण्यापूर्वीच वाचाव्यात.

दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे

आता मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. हजार वॅटने काय होईल?

आपला कान बेरजेने नव्हे, गुणाकाराने मोजतो. शक्ती दुप्पट केली की ध्वनीची पातळी ३ डेसिबलने वाढते, आणि ३ डेसिबल म्हणजे कानाला जेमतेम चांगला जाणवेल एवढा फरक. आवाज ‘दुप्पट’ वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. २० वॅटचे ४० केले तर फरक थोडासा. २०० केले तर दुप्पट.

उलट बाजूने पाहा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ८८ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९१ डेसिबल देणारा स्पीकर बसवला, तर तो अॅम्प्लिफायर दुप्पट केल्यासारखेच झाले. तेही बॅटरीवर एका अँपिअरचाही भार न टाकता.

त्याहून स्वस्त उपाय गाडीच्या दारात आहे. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की परस्परांना मारतात, विशेषतः खर्जाच्या. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोके असतात. ती जाड चिकट पत्र्यांनी बुजवली आणि बाहेरच्या पत्र्याची थरथर थांबवली, तर न ऐकू येणारा डग्गा ऐकू येऊ लागतो. गाडीच्या बंद डब्यात खर्जाला निसर्गाचीही मदत होते. ६० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेपाच मीटरहून जास्त. ती आतल्या लांबीच्या दुपटीच्या आसपास जाते, त्यामुळे त्याखालचे सूर बंद डब्यात आपोआप उठावतात.

हे वर्गात दाखवायला जुन्या रेडिओतला एक सुटा स्पीकर आणि पुठ्ठ्याचे खोके पुरते. स्पीकर हातात धरून गाणे लावा. मग खोक्याला त्याच्या मापाचे भोक पाडून त्यावर तो घट्ट धरा. अॅम्प्लिफायर तोच, वॅट तेवढेच, आणि खर्ज मात्र एकदम प्रकटतो. मुले हा प्रयोग विसरत नाहीत.

याचा अर्थ मोठा अॅम्प्लिफायर निरर्थक आहे असा नाही. संगीतातले ठोके सरासरी पातळीच्या दसपट किंवा त्याहून जास्त शक्ती क्षणभर मागतात. सरासरी ३ वॅटवर गाणे वाजत असेल, तर तबल्याच्या थापेला ३० वॅट लागू शकतात. ते नसतील तर थाप कापली जाते. म्हणून स्वच्छ ५०-६० वॅट प्रत्येक स्पीकरला मिळाले तर त्याचा उपयोग खराखुरा आहे. हजाराचा मात्र नाही.

तारेचा हिशेब

वॅट वाढवले की प्रवाह वाढतो, आणि इथे चूक झाली तर गाणे फाटण्यावर भागत नाही, गाडी पेटते.

समजा नवा अॅम्प्लिफायर चारही स्पीकरना मिळून २४० वॅट देतो आणि त्याची कार्यक्षमता ६० टक्के आहे. बॅटरीतून घ्यायचे ४०० वॅट. १३.८ व्होल्टने भागले की प्रवाह २९ अँपिअर येतो. घरातल्या मोठ्या गिझरलाही १० ते १५ अँपिअरच लागतात! बॅटरीपासून मागच्या सीटखालपर्यंत ५ मीटर तांब्याची तार धरू. तार २.५ चौरस मिलीमीटरची असेल तर तिचा रोध सुमारे ०.०३४ ओहम, तारेत एक व्होल्ट जातो आणि २९ वॅटची उष्णता तारेतच तयार होते, तीही गालिच्याखाली, जिथे वारा नाही. तीच तार १० चौरस मिलीमीटरची घेतली तर उष्णता चौथाई होते.

आणि फ्यूज? तो अॅम्प्लिफायरच्या रक्षणासाठी असतो, असा अनेकांचा समज आहे. बॅटरीजवळचा फ्यूज असतो तारेच्या रक्षणासाठी. तार जिथे पत्र्यातून आत जाते तिथे घासून तिचे आवरण फाटले, तर बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह त्या जागी ओतू शकते. फ्यूज मागे अॅम्प्लिफायरपाशी असेल तर त्याला याची खबरही लागणार नाही. म्हणून तो बॅटरीपासून वीतदोन वितींवरच हवा, त्याचा आकडा तारेला झेपेल एवढाच हवा, आणि पत्र्याच्या भोकाला रबराचे कडे हवे.

वर्गात हेडलाइटचा ५५ वॅटचा दिवा १२ व्होल्टच्या बॅटरीला आधी जाड तारेने आणि मग ५-५ मीटरच्या बारीक तारांनी जोडून पाहा. दिवा मंद झालेला दिसतो आणि व्होल्टमीटर कारण सांगतो. मंडलात फ्यूज असू द्या, आणि बारीक तार फार वेळ जोडून ठेवू नका.

आपला कान आणि शेजारी

तारेइतकीच नाजूक गोष्ट म्हणजे कान. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सुरक्षित मानतात. पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. बंद गाडीत १०० डेसिबल गाठायला हजार वॅट लागत नाहीत. कारखान्यातला सेटही तिथवर जातो. अंतःकर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. बाहेरच्यांसाठी ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांनी घातली आहे. दारे उघडी टाकून चौकात वाजवलेली गाडी ही मर्यादा सहज ओलांडते.

किती पुरे?

शेवटी आमच्या स्नेह्यांच्या मुलाने हजार वॅटचा बेत सोडला. आधी दारांचे पत्रे बुजवले आणि पुढचे दोन स्पीकर बदलले. दोन महिने तसेच ऐकले. मग प्रत्येक स्पीकरला ६० वॅट सततची शक्ती देणारा डी वर्गाचा अॅम्प्लिफायर जाड तार आणि योग्य फ्यूज घालून बसवून घेतला. ‘‘जास्त फरक दार बुजवल्यावर पडला, सर,’’ असे तो सांगतो. खर्च दुकानदाराने सांगितला होता त्याच्या निम्म्याहून कमी झाला.

हे सगळे नालवाडीत घडले याचे आम्हाला अप्रूप वाटते. १९३२ च्या अखेरीस विनोबा भावे याच नालवाडीत राहायला आले आणि १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत तिथेच राहिले. तिथे त्यांनी सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर माणसाला जगता येते का, याचा प्रयोग स्वतःवर केला. रोज तासन् तास कातायचे, सूत मोजायचे, त्याच्या मजुरीत जेवायचे. मजुरी अपुरी पडते हे त्यांनी व्याख्यान देऊन नव्हे, मोजून दाखवले.

विनोबांच्या चरख्याचा आणि एसयूव्हीतल्या अॅम्प्लिफायरचा काही संबंध नाही, हे खरे. पण स्वतः मोजल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, आणि ‘किती’ विचारण्याआधी ‘कशासाठी’ विचारायचे, ही शिस्त दोन्हीकडे एकच आहे. खोक्यावरचे ५० वॅट ज्याने १४.४ चा वर्ग करून तपासले, तो विद्यार्थी उद्या पंख्यावरचा, पंपावरचा, औषधाच्या जाहिरातीतला आकडाही तपासून घेईल. बारा व्होल्टची भिंत पाडता येत नाही. तिची उंची मात्र कोणालाही मोजता येते. पुढच्या तासाला फळ्यावर हे गणित घालून पाहा, आणि मुलांना घरातल्या कुठल्या तरी खोक्यावरचा असाच एक आकडा शोधून आणायला सांगा.